चिमटा कुणाच्या बाहीला

(डेन्मार्कमधलं स्वेनबोर्ग, फेब्रुवारीतला रविवार. जेवणं उरकली आहेत. स्वयंपाकघरात तिल्दे आणि तिची सासू बोदिल; तिल्देचा नवरा आस्गर बाहेर. मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली बाबागाडी; तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांची मुलगी आस्टा थंडीतही बाहेर मोकळ्या हवेत झोपते.)

बोदिल : लोकरीचे मोजे चार जोड टाकलेत. टोप्या दोन. आणि ती निळी दुलई. तिच्याशिवाय झोपत नाही ना ही?

तिल्दे : दुलई नसली तरी झोपते. तिला कोकरू लागतं. कान चावून चोथा केलेलं.

बोदिल : मग कोकरू टाकू. कुठंय?

तिल्दे : तिच्याजवळ, बाहेर बाबागाडीत. बारा पन्नासला झोपवलंय तिला. हे बघ, वहीत आहे. आणि हा बाहीला कपड्यांचा चिमटा.

बोदिल : दिसला गं बाई. मघापासून दोनदा दाखवलास.

तिल्दे : दोनदा?

बोदिल : आता तिसऱ्यांदा.

तिल्दे : बरं झालं. उद्या त्या नगरपालिकेच्या बालकल्याणाच्या बाईंना सांग, चिमटा दाखवायला विसरत नाही म्हणावं.

बोदिल : चेष्टा सुचतेय तुला! उणे चार तापमान होतं गुरुवारी. साडेतीन तास लेकरू बाहेर. शेजारच्या मोगेन्सनं कुंपणापलीकडून रडणं ऐकलं म्हणून, नाहीतर... मला तर विचारसुद्धा करवत नाही.

तिल्दे : मला करवतो. मी रोज सकाळी पहिल्यांदाच वाचते ना ते. गुरुवारच्या पानावर आस्गरनं सगळं लिहून चिठ्ठी लावलीय. रोज वाचते आणि रोज माझे हातपाय गार पडतात. तुम्हा लोकांना एकदाच धक्का बसला.

बोदिल : असं बोलू नकोस.

तिल्दे : खरं तेच बोलतेय. कॉफी घेणार?

बोदिल : आत्ताच दिलीस की. समोर आहे.

तिल्दे : हो. दिली.

बोदिल : हे बघ, तुझ्यावर राग नाही माझा. सायकलवरून बर्फावर आपटलीस, डोक्याला मार बसला, अकरा महिने झाले, तेव्हापासून नवं काही लक्षात राहत नाही. तुझा काय दोष? पण पोरीचाही काही दोष नाही ना. ओडेन्सला माझ्याकडे तिची खोली तयार आहे. सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे, शनिवार-रविवार इथं. तू निवांत झोप काढ दुपारी.

तिल्दे : पडदेही शिवलेस म्हणे.

बोदिल : कोण म्हणालं?

तिल्दे : तूच. फोनवर. शुक्रवारी, दहा वाजून पाच मिनिटांनी. "पिवळे पडदे, बदकांचे." आनंदात होतीस.

बोदिल : आनंदात नव्हते गं. म्हणजे... नात घरी येणार म्हटल्यावर...

तिल्दे : मी तक्रार नाही करत. लिहिलं आहे, म्हणून सांगितलं. मी उद्या सही करणार आहे. "मुलीबरोबर एकटी राहणार नाही." मान्य आहे मला. जिला आपलं मूल कुठं ठेवलं ते आठवत नाही, तिनं हट्ट करू नये. फक्त त्यांना एवढंच विचारीन, की तिला आंघोळ घालायला मिळेल ना? कुणीतरी शेजारी उभं राहिलं तरी चालेल.

बोदिल : रडू नकोस आता. अगं हो, एक राहिलंच. ते आस्गरचं जाकीट आणलंय, चेन बदलून. आणि हा घे तुझा. लाल.

तिल्दे : हा...

बोदिल : चिमटा. तुझाच ना? शोधत होतीस म्हणालीस.

तिल्दे : हा हरवला होता. माझ्याकडून. म्हणून तर आज हा लाकडी लावलाय. कुठं मिळाला?

बोदिल : त्या जाकिटालाच होता. डाव्या बाहीच्या दुमडीत अडकलेला. मला वाटलं, कपडे वाळत घालताना राहिला असेल.

तिल्दे : बोदिल, जाकीट तू कधी नेलंस?

बोदिल : गुरुवारीच. संध्याकाळी आले ना मी पोरीला बघायला. तो मोगेन्सच्या फोनसरशी बोटींच्या कारखान्यातून धावत आलेला, घाईत चेन तोडून ठेवलेली. म्हटलं, मी नेते.

तिल्दे : गुरुवारी. थांब हं. बोलू नकोस. मी वाचते, तू फक्त ऐक. मध्ये बोललीस तर माझ्या हातून सुटेल.

बोदिल : झालं काय?

तिल्दे : शूऽ. "गुरुवार. नऊ दहा, आस्टा बाहेर. चिमटा बाहीला. दहा पंचवीस, आस्टा आत. चिमटा दाराच्या खिळ्याला." ऐकलंस? खिळ्याला. "अकरा पन्नास, आस्गर जेवायला आला. राय ब्रेड, कलेजीचा लेप, काकडी. बारा पंधरा, मी आडवी झाले." बस. पुढं कोरं. मग मोगेन्सनं दार वाजवलं.

बोदिल : कोरं आहे, कारण तू लिहायला विसरलीस.

तिल्दे : तेच म्हणाला आस्गर. मलाही तेच वाटलं. जी मूल विसरते ती नोंदही विसरणारच. पण चिमटा कसा विसरेल? चिमट्याला कुठं डोकं आहे?

बोदिल : मला काही कळत नाहीये.

तिल्दे : दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलेला नियम. जो पोरीला बाहेर झोपवेल, त्याच्या बाहीला चिमटा. ती आत आली की मगच चिमटा खिळ्याला. आस्गरलाही तोच नियम. त्याला हसू यायचं, पण पाळायचा. दहा पंचवीसला चिमटा खिळ्याला होता. संध्याकाळी त्याच्या बाहीला होता. मधे मी झोपले होते.

बोदिल : नाही.

तिल्दे : तू सांग मग दुसरं काय. खरंच सांग. माझ्या डोक्याचा भरवसा नाही, तुझं धड आहे.

बोदिल : नाही, नाही. आस्गर असं... तो चार दिवस बघतोय तू रडतेस ते. माझ्यासमोर बसून त्यानं नगरपालिकेसाठी तुझ्या चुकांचा तो कागद भरला. माझा मुलगा आहे तो!

तिल्दे : कुठंय तो?

बोदिल : बाहेर, माझ्या मोटारीत पाळणा चढवतोय. आस्गर! आस्गर, आत ये!

आस्गर : अगं हळू, पोरगी उठेल. पाळण्याचे पाय सुटत नाहीयेत, पाना लागेल. काय झालं? तोंडं अशी का?

बोदिल : हे काय आहे?

आस्गर : चिमटा.

बोदिल : तुझ्या बाहीला होता. गुरुवारपासून. आता मला नीट सांग, मी म्हातारी झाले आहे, मला पटकन कळत नाही.

आस्गर : आई, पाळणा आधी...

बोदिल : पाळणा गेला खड्ड्यात! गुरुवारी पोरीला बाहेर कुणी झोपवलं?

तिल्दे : आस्गर?

आस्गर : ...मी.

बोदिल : अरे देवा.

आस्गर : तिल्दे थकली होती. डोळे उघडत नव्हते. मी म्हटलं, तू झोप, मी झोपवतो हिला, दीडला आत आणतो आणि मगच जातो. पोरीचं रडणं आत ऐकवणारं यंत्रही मीच बंद केलं, तिल्देची झोप मोडू नये म्हणून. मग कारखान्यातून फोन आला, क्रेनवर बोट अडकलीय, ताबडतोब ये. आणि मी सायकल काढली आणि गेलो. बस. गेलो. पोरीला ओलांडून गेलो असेन मी, आई. शेडखालूनच सायकल काढली ना.

तिल्दे : बाहीला चिमटा लावून.

आस्गर : दुपारभर होता. मी तसाच काम करत होतो.

बोदिल : आणि मला हे आत्ता कळतंय! चार दिवस मी हिला काय काय बोलले...

तिल्दे : "मांजरीलासुद्धा पिल्लू कुठं ठेवलं ते आठवतं." गुरुवार, सहा चाळीस.

बोदिल : हे मी म्हणाले?

तिल्दे : लिहिलंय.

बोदिल : मला आठवत नाही. शपथेवर सांगते, मला आठवत नाही.

आस्गर : मी सांगणार होतो. खरंच. मोगेन्सनं पोरीला आत आणलेलं, मी दारातून आलो, आणि तिल्दे जमिनीवर बसून म्हणत होती, माझ्याकडून झालं, माझ्याकडून झालं. मोगेन्सही तेच समजून चाललेला. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, आई घरी एकटी होती का? कुणी मला विचारलंच नाही.

तिल्दे : मी विचारलं होतं.

आस्गर : काय?

तिल्दे : खाली पानावर आहे. "आस्गरला विचारलं, मीच ठेवलं का तिला? तो म्हणाला, असू दे, तुझा दोष नाही, तुझ्या डोक्याचा आहे." मला किती बरं वाटलं होतं. खाली रेघ मारलीय मी. किती चांगला नवरा आहे, असंही लिहिलंय.

आस्गर : बंद कर ती वही.

तिल्दे : वही बंद केली की माझ्याकडे काय उरतं?

बोदिल : का रे? का केलंस असं? भेकडासारखं?

आस्गर : कारण नगरपालिकेच्या बाईंनी फोन केला आणि विचारलं, घरात आणखी कोण आहे मुलीला सांभाळायला? काय सांगू? आई विसरते, आणि बापही विसरतो? मग दोघांकडूनही नेतील तिला. त्यांना घरात एक तरी धड माणूस दिसायला हवा होता. रात्री तीनदा उठतो मी. दुपारी चार मिनिटांत सायकलनं येतो, जेवतो, जातो. अकरा महिने. माझं डोकं बर्फावर आपटलं नाही, पण आता त्यातही काही राहत नाही.

तिल्दे : ते मला सांगायचं होतंस. मला कळलं असतं. जगात कुणाला नाही, पण मला कळलं असतं.

आस्गर : हो.

तिल्दे : तो कागद कुठंय? उद्याचा. माझ्या चुकांचा.

आस्गर : तिल्दे, नको आता.

बोदिल : इथं आहे, फ्रिजवर. घे.

तिल्दे : सहा चुका आहेत. "शेगडी चालू ठेवली." ही माझी?

आस्गर : तुझी.

तिल्दे : "पुढचं दार सताड उघडं."

आस्गर : तुझी. पोस्टमन सांगत होता.

तिल्दे : "तापाचं औषध पोरीला दोनदा दिलं."

बोदिल : आस्गर, बोल.

आस्गर : पहिल्यांदा मी दिलं होतं. वहीत लिहिलं नाही. तिनं वही बघितली, नोंद नव्हती, म्हणून तिनं दिलं.

बोदिल : म्हणजे तिनं बरोबर केलं!

आस्गर : हो.

तिल्दे : महिनाभर मी तिच्या औषधाला हात लावला नाही. तेही लिहिलंय वहीत. "नळ चालू राहिला."

आस्गर : माहीत नाही. खरंच माहीत नाही. तुझी किंवा माझी.

तिल्दे : "गाडीत साडेतीन तास." आणि ही सहावी, "लाल चिमटा हरवला."

आस्गर : हे बघ, फाडून टाकतो मी तो कागद.

तिल्दे : फाडू नकोस! फाडलास तर उद्या सकाळी मला काय माहीत असेल? चिठ्ठी असेल फक्त. तुझ्या हातची. ती वाचून मी पुन्हा गार पडेन आणि सही करेन.

आस्गर : मी सांगेन ना तुला सकाळी.

तिल्दे : गुरुवारी सांगितलंस का?

बोदिल : मी राहते इथं. मी सांगेन तिला. उद्या त्या बाईंसमोरही मीच बोलेन.

तिल्दे : मांजरीचं तुला आठवलं नाही, बोदिल. रागावू नकोस. आपल्यापैकी कुणावरच मी विसंबून राहू शकत नाही. आस्गर, बस. पेन घे. कागदावर जे माझं नाही ते खोड. मग वहीत लिही.

आस्गर : काय लिहू?

तिल्दे : जे झालं ते. गुरुवार, बारा वीस, आस्टाला मी बाहेर ठेवलं. मी म्हणजे तू. खाली सही.

आस्गर : तू लिही ना. तुझी वही आहे. मी सांगतो तसं लिही.

तिल्दे : नाही. माझ्या अक्षरात असलं, तर उद्या मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

बोदिल : लिही, आस्गर.

आस्गर : लिहितोय.

बोदिल : आणि ती चिठ्ठी काढ. मोज्यांची पिशवीही रिकामी करते मी. पडद्यांचं काय, मोगेन्सच्या नातवाला देईन.

तिल्दे : ठेव ते. शनिवारी आम्ही तिघं येऊ तुझ्याकडे. मला लिहून दे. कसला आवाज झाला?

आस्गर : तुझ्या फोनचा गजर. दोन वीस. आस्टाला आत आणायची वेळ. थांब, मी आणतो.

तिल्दे : तू लिही. चिमटा माझ्या बाहीला आहे.