मार्टिनबाईंच्या कोंबड्याचं सूप

श्रीपाद : विनता, हाडं टाकली पातेल्यात. आता पाणी किती?

विनता : आधी वास घेतला का त्या कालच्या कोंबड्याचा?

श्रीपाद : घेतला. चांगला आहे. रात्रभर जाळीच्या कपाटात होता, सकाळी शेगडीवर गरमही केला.

विनता : मग हाडं बुडून वर चार बोटं पाणी.

श्रीपाद : चार बोटं कोणाची? तुझी की माझी?

विनता : अहो, इथून खाटेवरून मी काय बोटं मोजू? तुमचीच घ्या. आणि आच मंद ठेवा. तुमच्या फॅक्टरीची भट्टी नाही ती.

श्रीपाद : ओरड, ओरड. अठरा दिवसांनी ओरडून राहिलीस. ऐकायला बरं वाटतं.

विनता : निमोनियातून उठलेल्या बाईला हसवू नका. खोकला येतो. कांदा टाकला?

श्रीपाद : टाकतो. शेजारच्या मार्टिनबाई म्हणाल्या होत्या, कांदा अख्खा टाकायचा, दोन लवंगा टोचून. मिरी चार दाणे. तिखट अजिबात नाही.

विनता : तिखट नाही, तेल नाही. म्हणजे हाडांचं पाणीच की!

श्रीपाद : डॉक्टरनंही तेच सांगितलं. आणि वर ते गोळे. सूप गाळायचं, हाडावरचं मांस सोडवून त्यात टाकायचं, मग कणकेचे गोळे सोडायचे.

विनता : गोळे म्हणजे आपली वरणफळंच. वरणाच्या जागी कोंबडी, एवढंच.

श्रीपाद : मैदा म्हणाल्या होत्या त्या. पण लढाई सुरू झाल्यापासून रेशनला मैदा दिसतो कुठे? कणीकच घेतली. अंडं त्यांनी दिलं.

विनता : त्यांच्याच कोंबडीचं?

श्रीपाद : मग काय, माझ्या लेथ मशीनचं?

विनता : अहो... ती लंगडी आहे का अजून?

श्रीपाद : कोण लंगडी?

विनता : कोंबडी. मी दगड मारला होता ती.

श्रीपाद : आहे. कालच आपल्या अंगणात आली होती. तुझा सांभाराचा वाफा उकरून गेली, सगळी कोथिंबीर उलथीपालथी.

विनता : उकरू द्या.

श्रीपाद : अच्छा! हे तू बोलून राहिलीस? दोन वर्षं त्या वाफ्यापायी तू त्या बाईशी बोलली नाहीस. भिंतीवर काचा लावायला सांगत होतीस मला.

विनता : मला माहीत आहे मी काय काय केलं ते. तुम्ही कणीक भिजवा.

श्रीपाद : भिजवली. गोळा अगदी घट्ट, गुळगुळीत. वर बोट दाबलं तर खूण उमटत नाही.

विनता : अरे देवा! तोफगोळा करून राहिले का तुम्ही? सैल पाहिजे. वरणफळापेक्षाही सैल. चमच्यातून आपोआप घसरलं पाहिजे. अंडं टाका त्यात, दूध टाका.

श्रीपाद : टाकतो. पण सगळे गोळे एका मापाचे कसे व्हायचे मग? इन्स्पेक्शनला पास नाही होणार.

विनता : इन्स्पेक्शन मी करणार आहे. चालेल मला.

श्रीपाद : खिडकीचा काळा कागद थोडा काढू का? दिसत नाही काही.

विनता : दुपारी कोण विमान येणार आहे? काढा. एक विचारू? मी आजारी पडले तेव्हा मदत मागायला तुम्ही कोणत्या तोंडानं गेलात मार्टिनबाईंकडे?

श्रीपाद : गेलोच नाही मी.

विनता : म्हणजे?

श्रीपाद : डॉक्टर पेनिसिलीन लिहून गेला. सकाळ-संध्याकाळ सुई. कंपाउंडर म्हणाला, ब्लॅकआउट असतो, संध्याकाळी मी येणार नाही. इकडे फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी, एक दिवस चुकवता येत नव्हती. बेबीला शहपुऱ्याला आजीकडे पाठवून दिलं होतं. मी फाटकाशी उभा होतो, हातात औषधाच्या बाटल्या. काही सुचून नाही राहिलं. त्या पलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. त्यांनीच विचारलं, "सुई कौन देगा?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाल्या, "हम देगा. तीस साल नर्स था." आणि सरळ घरात आल्या.

विनता : मी काही बोलले का त्यांना? तापात?

श्रीपाद : मी कुठे होतो ऐकायला? सहाला गेलो की रात्री यायचो. त्या खुर्चीवर बसलेल्या असायच्या. तुझं अंग पुसलेलं, चादर बदललेली. मला ताटही झाकून ठेवलेलं.

विनता : आणि काल भाजलेला कोंबडा. अख्खा. एका बाईनं स्वतःसाठी अख्खा कोंबडा काहून भाजला?

श्रीपाद : ...पाणी पिवळं होऊन राहिलं बघ. छान वास सुटला.

विनता : अहो, मी काहीतरी विचारलं.

श्रीपाद : डॉक्टर म्हणाला, तुला त्रास होईल असं काही...

विनता : आता जास्तच त्रास होऊन राहिला. सांगा.

श्रीपाद : त्यांचा पोरगा येणार होता. फौजेत आहे तो, पंजाबात. दहा दिवसांची रजा. काल सकाळच्या गाडीनं यायचा होता. शनिवारी संध्याकाळी त्यांनी कोंबडा कापला, ओव्हन पेटवला. काल गाडीच्या आधी तार आली. रजा रद्द.

विनता : आणि पुढे?

श्रीपाद : पुढे काही नाही. तारेत एवढंच. रेडिओवर दिवसभर लाहोर, लाहोर. काल पहिल्यांदा रविवारची सुट्टी मिळाली, मी घरीच होतो; दुपारी त्या भिंतीवरून ताट देऊन गेल्या. वर म्हणाल्या, हाडं फेकू नको, उद्या विनतासाठी सूप कर.

विनता : तुम्ही खाल्लात?

श्रीपाद : खाल्ला. डब्यातही नेला आज. मला तारेचं तेव्हा माहीत नव्हतं, विनता. आज अर्धीच पाळी होती, तिथून येताना पोस्टमन भेटला, तो म्हणाला.

विनता : त्यांनी खाल्लं का?

श्रीपाद : ताट आलं तेव्हा कोंबड्याचे दोन्ही पाय शाबूत होते.

विनता : जा, बोलावून आणा त्यांना.

श्रीपाद : आत्ता? गाळून झालं, मांसही टाकलं, पण अजून गोळे सोडायचेत.

विनता : मी सोडते. मला दारापर्यंत नेऊन पाटावर बसवा फक्त. शेगडी जवळ ओढा. चमच्यानं गोळे सोडायला काही ताकद लागत नाही.

श्रीपाद : पडशील तू.

विनता : नाही पडत. आणि त्यांना म्हणा, विनतानं बोलावलंय. तुम्ही बोलावलंय असं म्हणू नका.

(थोड्या वेळानं श्रीपाद मिसेस मार्टिनना घेऊन येतो. विनता स्वयंपाकघराच्या दारात पाटावर, भिंतीला टेकून बसली आहे. पातेल्यावर झाकण आहे.)

मिसेस मार्टिन : ये क्या है? किसने उठाया तुमको? श्रीपाद बाबू, तुम पागल है क्या?

विनता : त्यांचा दोष नाही. मीच उठले. बसा ना.

मिसेस मार्टिन : नाडी दिखाओ. हं. ठीक है. ढक्कन खोला तो नहीं? दस मिनिट खोलना नहीं, नहीं तो डंपलिंग बैठ जाता.

विनता : नाही उघडलं. वरणफळाचंही तसंच असतं.

मिसेस मार्टिन : अच्छा? तुम्हारे में भी होता?

विनता : होतं. बाई, मला तुम्हाला काही सांगायचंय. ती तुमची कोंबडी... तिचा पाय मी मोडला.

मिसेस मार्टिन : मालूम है. हम खिडकी में था.

विनता : मालूम होतं? तरी आलात?

मिसेस मार्टिन : बुखार कोंबडी को थोड़ी आया था? तुमको आया था.

श्रीपाद : बाई, तापात ही तुम्हाला काही वावगं बोलली का? तिला काळजी लागलीय.

मिसेस मार्टिन : एक ही बात बोलता था. हमारा हाथ पकड़ के, "जाऊ नका, जाऊ नका." हम समझा, बोलता है जाओ. हम उठ गया. तो और ज़ोर से पकड़ा. तब समझ में आया.

विनता : बाई, तुमच्या पोराची तार आली ना?

मिसेस मार्टिन : ...कौन बोला?

विनता : त्याच्यासाठी भाजलेलं तुम्ही आम्हाला दिलंत.

मिसेस मार्टिन : क्या करता? अकेला टेबल पर बैठा, काँटा उठाया. नहीं गया गले से. इधर एक औरत को ताकत चाहिए. तो दे दिया. इसमें क्या बड़ा बात है?

विनता : मोठीच गोष्ट आहे. मला बोलता येत नाही नीट. मी आज या पाटावर बसलेय ती तुमच्यामुळे. बेबीची आई बेबीला परत मिळाली.

मिसेस मार्टिन : बस, बस. रोना नहीं, छाती में दर्द होगा. श्रीपाद बाबू, उतारो पतीला.

श्रीपाद : उतरवतो. वाटी घ्या. मिठाचं मला माहीत नाही, अंदाजानं टाकलंय. गोळेही लहानमोठे झालेत.

विनता : ते माझे आहेत. इन्स्पेक्शन झालंय त्यांचं.

मिसेस मार्टिन : पहले तुम खाओ.

विनता : तुम्ही घेतल्याशिवाय मी घेणार नाही.

मिसेस मार्टिन : ज़िद्दी औरत. लाओ.

श्रीपाद : कसं झालंय, बाई?

मिसेस मार्टिन : नमक कम है.

श्रीपाद : आणू का मीठ?

मिसेस मार्टिन : नहीं. रहने दो. अच्छा है. गरम है.

विनता : सावकाश घ्या.

मिसेस मार्टिन : विनता... थोड़ा और मिलेगा?

विनता : अहो, तळापासून काढा. घट्ट सगळं तळाशी असतं.