तात्याबाचा डबा

न्हाई प्रांजल, ती ओळ काढायची न्हाई! बाकी काय काढायचं ते काढ — पुण्यात त्याचाच पगार देतात तुला, म्हणून आजीच्या कोडवरबी हात चालवतीस व्हय? — पण ती ओळ राहू दे. तू शिकलीस कॉलेजात, मी शिकले ह्या गिरणीत, पट्ट्याच्या खडखडाटात मोबाईलवरचे धडे कानाला लावून — तरी माझा रांगेचा प्रोग्रॅम चालतो का न्हाई? चालतो! दारातल्या टीव्हीवर नंबर दिसतोय का न्हाई? दिसतोय!

तुझं पहिलं म्हणणं पटलं मला. कोडमधी डब्यांची साखळी मी उघडी ठेवली हुती, कुणीबी आत हात घालावा आन् कडी सोडवावी. पटणारच की — आमच्या कडेगावच्या बायका काय करतात? मी पाठ फिरवली की आपला डबा पुढं! आता साखळी आत, कुलपात. बाहेरून दोनच दारं, ‘ठेव’ आन् ‘उचल’. झ्याक केलंस. मग ‘रांगेला कुणाचं नावच ठाऊक नसावं’ हे आणि कशाला?

व्हय, हाय त्या ओळीत तात्याबाचं नाव. कुणी नवीन आलं की तात्याबाचा डबा त्याच्या मागं. हसतीस काय? त्याची ज्वारी ओलसर असती, जात्याला चिकटती — म्हणून शेवटी. बाजरी आणली तर? तीबी ओलसरच! उन्हाळ्यात? — उन्हाळ्यात तर लयच! आन् त्यानं कवा तक्रार केली? बाकड्यावर बसतो, आपला नंबर मागं जाताना बघतो, मिशीत हसतो. एकट्या माणसाला पीठ लागतंय किती? तरी एक दिवसाआड डबा घेऊन हजर. आधी दळून दिलं तर जाणार कुठं — त्या रिकाम्या घरात? आन् मी शटर ओढंपर्यंत भांडू कुणाशी — मोटारीशी?

डोळे मोठे करू नकोस. कळतंय गं बये मला. शिरवळचा गिरणीवाला उद्या हाच प्रोग्रॅम त्याच्या गिरणीत लावणार, तिथंबी एखादा तात्याबा असंल, त्याला बायका-पोरं असतील, घाई असंल — आन् माझ्यामुळं तो दिवसभर बसायचा बिचारा, कुणी बोलायलाबी न्हाई…

बरं. काढ ती ओळ — त्याचा डबा मी हातानं मागं सरकवीन.