कोऱ्या डोक्याचे चाळीस बोल्ट

संजय भावजींबरोबर डोंगरात गाड्या नेणाऱ्या, इथे जमलेल्या सर्व मंडळींना माझा नमस्कार.

गेल्या चौदा दिवसांत आमच्या घरी काय काय आलं, ते आधी सांगते. फुलांची दोन मोठी चक्रं आली, एकेक अठराशेचं. मी फुलवाल्याला विचारलं. कोपऱ्यावर लावायला भावजींच्या फोटोचा फलक आला, बाराशेचा. त्यावर त्यांचं वय दोन वर्षांनी जास्त आहे. आणि दहाव्याच्या दिवशी, आम्ही नुकतेच घाटावरून परतलो होतो, तेव्हा एक जड खोकं आलं. आणणारा म्हणाला, संजय कोण? पैसे द्यायचेत, सहा हजार चारशे पन्नास. आत जीपचे धक्के झेलणारे चार शॉकअप होते. भावजींनी मागवून ठेवले होते. परत न्या म्हणायचं सुचलं नाही. मी पैसे दिले, सही केली, आणि गुरुजींची दक्षिणा दुसऱ्या दिवसावर टाकली.

मंडळी, मला भाषण येत नाही. मी दहावी झालेली, नवीन पनवेलमध्ये घर सांभाळणारी बाई. आमच्याकडे घरातल्या बाईने शोकसभेत बोलायची रीत नाही. सकाळी ह्यांनी विचारलं, "बोलायलाच हवं का?" सख्खा भाऊ गेलाय, ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी म्हटलं, हवं. कारण पुढच्या रविवारी तुम्ही भावजींच्या नावाने गाड्यांची स्मृती-फेरी काढणार आहात. भावजी गेले तोच रस्ता. तोच उतार. त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. ती अजून कुणी मनावर घेतलेली नाही.

माझं लग्न झालं तेव्हा संजय भावजी नऊ वर्षांचे होते. त्यांचे पाढे मी घेतले. त्यांची दाढी आली ती मी पाहिली. तळोज्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, तेव्हा पहिल्या पगाराचा पेढा देवापुढे मी ठेवला. लग्न केलं नाही त्यांनी. मुलगी बघायला नेलं की बाहेर जाऊन मुलीकडच्यांच्या गाडीच्या स्प्रिंगचे पाटे बघत बसायचे. मुलीकडचे विचारायचे, मुलगा कुठाय? मी म्हणायचे, गाडीखाली.

मग सरकारी लिलावातून ती जुनी जीप आणली. चाकं सोडून सगळं गंजलेलं. ती उंच करायची, डोंगरात न्यायची, हेच डोक्यात. कंपनीचं सामान घालून गाडी चार इंच उचलायला साठ हजार लागतात, असं तुमच्यापैकीच कुणी त्यांना सांगितलं. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं. मी काय म्हटलं असेन? तुम्ही मला ओळखता.

मी म्हटलं, "साठ हजारात बाई न्हाणीघर नवं करते."

ते म्हणाले, "वहिनी, नऊ हजारात करून दाखवतो."

आणि करून दाखवलं. भंगारातली जाड पट्टी आणून, कापून, भोकं पाडून, पाटे जिथे गाडीच्या सांगाड्याला, चासीला टांगतात त्या कड्या, म्हणजे तुम्ही ज्यांना शॅकल म्हणता त्या, लांब केल्या. जुन्या टायरच्या रबराच्या चकत्या घातल्या. शॉकअप टेम्पोचे, मोडीतले. पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून आमच्या न्हाणीघराच्या कामात उरलेला पाईप वर चढवला. मला म्हणायचे, "वहिनी, तुमची मोरी आता ओढ्यात श्वास घेते." गाडी इतकी उंच झाली की मला चढता येईना. तर माझ्या मोडक्या शिलाई मशीनचं पायडल पायरी म्हणून बसवलं. मी त्यावर पाय ठेवून चढले आणि मला, खरं सांगते, मोठा अभिमान वाटला.

मागल्या वर्षी याच सभागृहात तुम्ही त्यांना शाल आणि नारळ दिलात. इथेच, या टेबलामागे. "कमी खर्चात उंच गाडी, आमचा संजूदादा." टाळ्या झाल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. तुमच्यातल्या चौघांनी त्याच दिवशी त्यांना गाठलं. आम्हाला पण करून दे, दादा. त्यांनी मजुरी घेतली नाही. सामानाचे पैसे घेतले, ते माझ्या वहीत आहेत. सामान कुणी किती नेलं, तेही आहे.

आता बोल्टचं सांगते.

एका गाडीला चार शॅकल. एका शॅकलला दोन बोल्ट. म्हणजे गाडीला आठ. आमच्या जीपचेही जुने बोल्ट बदलायला झाले होते. आमची एक आणि तुमच्या चार, चाळीस बोल्ट. भावजींची पाळी रात्रीची होती, म्हणून चिठ्ठी लिहून मला बाजारात पाठवलं. चार सुती, म्हणजे अर्धा इंच जाड, चार इंची लांब, आणि पुढे एक आकडा. मला वाटलं, तो दुकानातला खणाचा आकडा असेल.

हनीफभाई इथे बसलेत. तिसऱ्या रांगेत. त्यांच्या वडिलांपासून आमचे खिळेमोळे त्यांच्याच दुकानातून. हनीफभाईंनी मला विचारलं होतं. मान खाली घालू नका हनीफभाई, तुम्ही विचारलं होतं.

"वहिनी, हे गाडीला हवेत काय? गाडीला असतील तर नंबरवाले न्या. पंचावन्नला एक."

आणि मी म्हटलं, "गाडीला कशाला? मांडणीला हवेत."

मी खोटं बोलले. का बोलले? माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, दुकानदाराला काम कधी सांगायचं नाही. काम कळलं की भाव चढतो. तीस वर्षं मी हेच केलं. लग्नाचा नारळ मी रोजच्या चटणीचा म्हणून आणला आहे. पूजेची केळी शिकरणाची म्हणून आणली आहेत. हनीफभाई म्हणाले, मांडणीला तर साधे चालतील, किलोवर देतो, एकशेवीसने. पाच किलोत चाळीस बसले. सहाशे रुपये. बावीसशेच्या जागी सहाशे. मी पिशवी घेऊन पायी घरी आले. रिक्षाचेही वाचवले.

सोळाशे वाचले. त्यातले पाचशे एक मी देवळात दिले. अभिषेक केला. गाडीला आणि भावजींना काही होऊ नये म्हणून.

तुम्ही कुणी हसलात तरी चालेल. मी देवापुढे बसून हसले आहे.

घरी भावजींनी पिशवी ओतली. एक बोल्ट उचलून उजेडात धरला. म्हणाले, "वहिनी, ह्यांची डोकी कोरी आहेत."

मी म्हटलं, "मग बरंच की. खंडेनवमीला हळदीकुंकू लावायला जागा झाली."

ते हसले. मला वाटलं, विषय संपला. आता कळतं, त्यांना तेव्हाच समजलं होतं. ज्या बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो तो ताकदीचा. कोरं डोकं म्हणजे मऊ लोखंड. मांडणीला ठीक. फिटर माणूस, त्याला कळणार नाही? पण वहिनीने आणलेत. वहिनीला परत बाजारात पाठवायचं, सोळाशे रुपये जास्त मागायचे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालतील. तात्पुरते. पावसाआधी बदलू."

तात्पुरते.

तुम्हालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. आमच्या खाली गाडीतळावर, बोल्ट आवळताना. मी चहा घेऊन उभी होते, मी ऐकलं. "तात्पुरते आहेत रे, पावसाआधी बदला." आणि तुम्ही म्हणालात, "हो दादा, बघू." पाऊस आला. पाऊस सरत आला. कुणी बघितलं?

मसणात तुमच्यातले एक जण ह्यांचा हात धरून म्हणाले, "आवडीचं काम करताना गेला, नशीबवान माणूस." दुसरे म्हणाले, "डोंगराने नेला." फलकावर तुम्ही छापलंत की तो वेगाचा वेडा होता. कोण वेडा? भावजी जीप चालवायचे तेव्हा मागून सायकलवाला घंटी वाजवायचा.

कर्नाळ्याच्या पलीकडे ज्या उतारावर झालं, तिथल्या वाडीतला एक म्हातारा शेतकरी आम्हाला भेटायला आला होता. आत या म्हटलं तरी तो दारातच बसला. म्हणाला, "ताई, आमी समोरच हुतो. गाडी जोरात नाय. पुढचा चाक एकदम मागं सरकला न गाडी आडवी झाली. त्यांचा काय चुकला नाय." इतकं सांगायला तो एसटीने आला होता. वीस माणसं तुमची होती तिथे, आणि हे मला त्याने सांगितलं.

पंचनामा झाल्यावर गाडी आली, तेव्हा ह्यांना घेऊन मी खाली वाकून पाहिलं. पुढच्या डाव्या शॅकलचा खालचा बोल्ट मधोमध तुटला होता. हा बघा. रुमालात आणलाय. डोक्यावर अजून खंडेनवमीचं माझं कुंकू आहे. कडेच्या गंजात राहिलं आहे.

हा मी घेऊन हनीफभाईंकडे गेले. त्यांनी हातात घेऊन डोकं उजेडाकडे फिरवलं. मग म्हणाले, "वहिनी, मांडणीला म्हणाला होता ना तुम्ही."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी मला खुर्ची दिली. त्या दुकानात मी तीस वर्षांत कधी बसले नव्हते.

मंडळी, मी रडायला उभी राहिलेली नाही. माझं जे आहे ते मी आणि माझा देव बघून घेऊ. चूक माझी आहे, आणि ती मी चारचौघांत सांगितली. पण चाळीसांतले आठच आमच्या गाडीत होते. बत्तीस अजून फिरताहेत. बाहेर अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांतून तुम्ही आज आलात. भावजींना हार घालायला त्यांच्याच बोल्टवर बसून आलात.

मी हे आधी कळवलं नाही असं नाही. चौथ्या दिवशी पुतणीला सांगून तुमच्या फोनच्या ग्रुपवर टाकायला लावलं, सगळं, सविस्तर. एकतीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकाने मेणबत्ती पाठवली. बोल्ट एकानेही काढला नाही. परवा मी देसाईंना फोन केला, तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता दुःखात आहात, नंतर बोलू." देसाई, तुम्ही समोर बसला आहात. मी दुःखात आहे. आणि तुमच्या गाडीत आठ कोरे बोल्ट आहेत. दोन्ही खरं आहे.

वहीत तीन नावं आहेत. देसाई आठ. डॉक्टर मोने आठ. वाकडीचे म्हात्रे आठ. चौथं नाव नाही. भावजींनी नुसतं सांगितलं आणि मी तसंच लिहिलं, "लाल गाडी, आठ, पैसे मिळाले." पैसे मिळाल्यावर मी नाव विचारलं नाही. तो माणूस आज इथे आहे की नाही, मला माहीत नाही. तुमच्यातल्या कुणाला तरी माहीत असणार. त्याला घरी कुणीतरी असेल. बायको असेल, आई असेल, वहिनी असेल.

फोटोशेजारी या टेबलावर चार पुड्या आहेत. प्रत्येकीत आठ बोल्ट, चार सुती, चार इंची, डोक्यावर नंबर असलेले. काल आणले. हनीफभाईंना या वेळी स्पष्ट सांगितलं, गाडीला हवेत, माणसं बसतात. ते पैसे घेत नव्हते. मी दिले. सतराशे साठ. भाव केला नाही.

ते शॉकअपचं खोकंही टेबलाखाली आहे. ज्याला लागतील त्याने न्यावे. आमच्या जीपला आता लागणार नाहीत.

पुढच्या रविवारी तुमची फेरी आहे. मी काढू नका म्हणत नाही, भावजींना आवडलं असतं. पण त्या दिवशी सकाळी मी आणि हे उताराच्या तोंडाशी उभे असू. पहिली एसटी पकडून येऊ. ज्याने बोल्ट बदलल्याचं मला कळवलेलं नाही, त्याची गाडी माझ्या पुढून जाणार नाही. मी आडवी उभी राहीन. तुमच्या गाड्या खूप उंच आहेत, पण तरी मी दिसेन.

आता अध्यक्ष तुम्हाला दोन मिनिटं उभं राहायला सांगतील. माझी विनंती आहे, उभे राहू नका. बाहेर जा आणि वाका. दोन मिनिटांत माणूस आठ डोकी बघू शकतो. आकडा दिसला तर गाडीत बसून घरी जा. कोरं दिसलं तर पुडी उचला, गाडी इथेच ठेवा आणि रिक्षाने जा. मी बसून राहीन तोवर. तेच माझ्या भावजींसाठी मौन.

दाराशी ह्यांच्या हातात पोस्टकार्डं आहेत. आमचा पत्ता मी लिहून ठेवलाय. मागे फक्त गाडी कुणाची, आठही बदलले का, आणि खाली सही, एवढंच लिहायचं आहे. फोनवर हात जोडू नका, ते मी पाहिले. शाईने लिहा. देसाई, मोने, म्हात्रे, तुमचं एकेक. आणि ज्याला लाल गाडीवाला ठाऊक आहे, त्याने चौथी पुडी आणि चौथं कार्ड आज रात्रीच त्याच्या घरी पोचवावं, आणि त्याचं नाव काय ते मला परतीच्या टपालाने कळवावं.