रांगेतले पारखी

हुमनाबादच्या सरकारी खजिन्यापुढं निजामाचे हाली रुपये देऊन नवे हिंदी रुपये घ्यायला रांग लागली होती. नलिनीबाईंच्या पुढंच हातात पेपर धरलेले प्राणेश मास्तर आणि म्हातारे आप्पाराव उभे होते. दोघांचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"आप्पाराव, पेपरातला हा जपानी साहेब बघा. कारकून म्हणून लागला अन् तिथल्या सरकारी बँकेचा मुख्य झाला."

"मग?"

"लढाई हरले. जुन्या नोटा बंद करायचा हुकूम त्यालाच काढावा लागला."

"आता काय करायलाय त्यो?"

"घरी हाय. रोज बँकेवरून फिरायला जातो म्हणं, पण आत पाऊल ठेवत न्हाई."

"व्हय."

"कामून जात न्हाई, ते काय लिहिलं न्हाई."

"लिहायला कशाला पाहिजे, मास्तर!"

खिडकी आली तसा आतला कारकून उठून उभा राहिला.

"आप्पा, तुम्ही? तीस वर्षं हितं रुपये पारखलेत अन् रांगेत? आत या की!"

"न्हाई बाळा, खिडकीतूनच दे."

नवा रुपया आप्पारावांनी सवयीनं दगडी कट्ट्यावर वाजवला. नलिनीबाईंना खणखण नाही, नुसतं खट् ऐकू आलं. आप्पारावांनी पुन्हा वाजवला.

"आप्पा, चांदी न्हाई त्यात. आता कुणी वाजवून बघत न्हाई."

"मग पारखता कसं?"

"वर लिहिलेलं वाचतो."