स्क्रूवरचा लाल ठिपका

ताई : हळू बोल. आईने दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही.

भाऊ : पण मी केलं काय ते तरी सांग. रेकॉर्ड लावली, दोन ओळी झाल्या नाहीत तोच ही उठून आत गेली. केकही तसाच पडलाय.

ताई : बाबांशिवायचा पहिला नाताळ आहे तिचा. तुला काय वाटलं, टाळ्या वाजवेल?

भाऊ : तसं नाही गं. सकाळी चांगली होती. झाडावरची दिव्यांची माळ मी उलटी गुंडाळली म्हणून हसली मला. कपाटावरून रेकॉर्ड प्लेअर खाली काढायलाही तिनेच सांगितलं. म्हणाली, ते गाणं लागल्याशिवाय नाताळ झाल्यासारखा वाटायचा नाही.

ताई : आणि आज तिने तो जाड तळव्याचा बूट घातलाय, पाहिलास का? घरात. एरवी दवाखान्यात जायचं असलं तरच पायात घालते. नाहीतर वर्षातून एकदा, आजच्या संध्याकाळी, बाबांबरोबर नाचायला.

भाऊ : पाहिला. म्हणून तर मी उठून हात पुढे केला. म्हटलं, बाबा नाहीत तर मी धरीन. तिने माझ्या हाताकडे बघितलं, रेकॉर्डकडे बघितलं आणि गेली.

ताई : तिला यंदाही उभं राहायचं होतं रे. कालपासून तिच्या मनात तेच चाललं होतं, मला कळत होतं. पण ते गाणं असं कसं वाजलं? मला आधी वाटलं, तू भलतीच रेकॉर्ड लावलीस.

भाऊ : तीच होती.

ताई : मग?

भाऊ : मशीन दुरुस्त केलं मी. दुपारी, ती आडवी झाली होती तेव्हा.

ताई : दुरुस्त म्हणजे? बिघडलं कुठे होतं?

भाऊ : ताई, आपल्याला कळायला लागल्यापासून ते मंद फिरतंय. आपण बाबांना किती पिडायचो त्यावरून, विसरलीस?

ताई : विसरेन कशी. आपण म्हणायचो, बाबा, तुमच्या गायकाला झोप आलीय, तोंडावर पाणी मारा त्याच्या. आणि ते म्हणायचे, जुनं झालंय बिचारं, तुम्ही सांभाळून घ्या.

भाऊ : तेच तर. मला वाटलं, आईला एकदा ते गाणं जसं आहे तसं ऐकवावं. नाताळची भेट म्हणून. आतला रबरी पट्टा बदलला, वेग नीट लावला. तबकडीच्या कडेला बारीक ठिपके असतात, ते फिरतानाही दिव्याखाली जागच्या जागी दिसायला लागले की वेग बरोबर. तासभर खपलो त्याच्यामागे. आणि तो गायक बघ, कोवळा पोरगा निघाला. आपण त्याला आजोबा समजत आलो जन्मभर.

ताई : मला नाही आवडला तो पोरगा.

भाऊ : आता तू पण सुरू कर.

ताई : खरं सांगतेय. घरात कुणीतरी परकं शिरल्यासारखं झालं. आपलं सगळं लहानपण त्या म्हाताऱ्याच्या आवाजात गेलंय. बाबा त्या सोफ्यावर, आई काटेचमचे पुसत बसलेली, आणि तो आपला सावकाश गातोय. ते परत आण तू. होतं तसं कर मशीन.

भाऊ : आणू कसं? स्क्रू नेमका कुठे होता ते कळायला नको? खूण होती, तीही मी खरवडून टाकली.

ताई : कसली खूण?

भाऊ : मागच्या भोकात वेगाचा स्क्रू आहे. त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका होता. कारागीर लावतात असा, नंतर कुणी हात लावू नये म्हणून. स्क्रू हलेना, म्हणून ब्लेडने काढला. हे बघ, नखात अजून अडकलाय.

ताई : इकडे ये. दिव्याखाली धर बोट.

भाऊ : काय आहे त्यात बघण्यासारखं?

ताई : हा कारागिराचा रंग नाही. हे नेलपॉलिश आहे. आईचं.

भाऊ : काहीतरीच. आई कधी नखं रंगवते?

ताई : तू झाला नव्हतास तेव्हा रंगवायची. पायाची. हाच लाल. मी तिच्या पायाशी बसून फुंकर घालायचे, लवकर वाळावं म्हणून. नाताळला चर्चच्या हॉलमध्ये नाच असायचा ना, त्याची तयारी. दोघं नाचायला लागली की बाकीचे बाजूला होऊन बघत बसायचे. मग ती जिन्यावरून पडली. पाय जुळला, पण आखूडच जुळला. त्यानंतर ती बाटली माझ्या नजरेस पडली नाही.

भाऊ : म्हणजे तो ठिपका बाबांनी लावला?

ताई : दुसरं कोण लावणार?

भाऊ : मग वेगही त्यांनीच...

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

आई : थांबलात का? बोला ना. पाय अधू झालाय माझा, कान नाही.

भाऊ : आई, चुकलं माझं. मला कल्पना नव्हती.

आई : तू कुठे चुकलास. तू मशीन दुरुस्त केलंस. बिघडवून ठेवलं होतं ते यांनी.

ताई : तुला ठाऊक होतं?

आई : पहिल्याच दिवसापासून.

ताई : आणि इतक्या वर्षांत बोलली नाहीस आम्हाला?

आई : यांनाही कुठे बोलले. बस इथे, सांगते. प्लॅस्टर निघालं त्या वर्षीची गोष्ट. मी यांना आधीच बजावलं होतं, नाच संपला, आता तो विषय नको. हॉलमध्ये जायचं नाही, कुणी बोलवायला आलं तर मला बरं नाही म्हणून सांगायचं. फार चिडलेली असायचे मी तेव्हा. यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. संध्याकाळी गाणं लावलं आणि या टेबलापाशी येऊन उभे राहिले नुसते. मी ऐकायला लागले. एक पाऊल टाकायचं आणि दुसरा पाय ओढून आणायचा, याला मला जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळ होता गाण्यात.

भाऊ : तुझा पाय येईपर्यंत गाणं थांबायचं.

आई : हो. मग काय, उठले. नाचले. हे म्हणाले, मशीन जरा मंद झालेलं दिसतंय. मी म्हटलं, झालं असेल. दुसऱ्या दिवशी खिळा शोधायला यांचा हत्यारांचा डबा उघडला, तर पान्यांच्या मधे माझी नेलपॉलिशची बाटली. होती तशी ठेवून दिली.

ताई : आणि आम्ही दर वर्षी त्यांची थट्टा करत बसलो.

आई : आवडायची त्यांना ती थट्टा. तुम्ही हसलात की हळूच माझ्याकडे बघायचे, मला कळलं तर नाही ना म्हणून. आणि मी खाली मान घालून चमचे पुसायचे. हसू आवरायचं नाही मला.

भाऊ : आज मग...

आई : आज ते गाणं धावतच सुटलं रे. बसल्या जागी टाच आपटून बघितली. काही केल्या पाऊल बसेना. तुझा हात समोर होता आणि मला वाटलं, हे गेले ते गेलेच, आता एवढं एक होतं तेही गेलं. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून आत गेले.

भाऊ : मी पूर्ववत करतो, आई. पण किती फिरवायचं ते मला ठाऊक नाही.

आई : मला आहे ना. गाणं लाव आणि तू तो स्क्रू फिरव. मी चालते. ताई, टेबल सरकव जरा.

ताई : पडशील, आई.

आई : मग हात दे तुझा. नुसती उभी काय राहतेस.

भाऊ : लावतो. हळूहळू फिरवतोय हं. आता?

आई : घाईत आहे अजून.

भाऊ : आता?

आई : अजून थोडं.

भाऊ : हे?

आई : नको, फार झालं. आता खरंच झोपला तो.

ताई : किंचित मागे घे. अगदी किंचित. आई, सावकाश. मी धरलंय.

भाऊ : असं?

आई : थांब. हात काढ तिथून.

ताई : आला. अगं, आला आपला म्हातारा. ऐकलंस?

आई : रडतेस काय वेडे. टेबल अजून मागे घे, माझा बूट अडकतो.

भाऊ : स्क्रू परत हलायला नको. ती बाटली आहे का अजून?

आई : डब्यातच आहे. वाळून खडा झालीय. नवी आणायला हवी, लाल. उरली तर बघू काय करायचं ते. आता सुई उचल आणि पहिल्यापासून लाव. आणि इकडे ये.

भाऊ : मला नाचता येत नाही, आई.

आई : यांनाही येत नव्हतं. मला धरून धरून शिकले. हा हात इथे ठेव. दुसरा असा. इतका घट्ट नको, मी कुठे पळून जात नाही. आणि मान वर कर.

भाऊ : तुझा पाय चुकून तुडवला जाईल म्हणून बघतोय.

आई : पायाकडे बघू नकोस. ते कधी बघायचे नाहीत.