म्हशीचं गिऱ्हाईक

आमच्या काष्टीच्या दोन मामांचं तुम्हाला कधी सांगितलं नाही वाटतं. सख्खे भाऊ, पण शेताच्या बांधावरून भांडले आणि चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. घरं मात्र शेजारी-शेजारी.

गेल्या दिवाळीत मी गेले, तेव्हा थोरल्या मामांना म्हैस विकायची होती. मी म्हटलं, बाजारात कशाला नेता, आता जनावरं विकायचंही ॲप आहे. फोटो काढून टाकला, तर संध्याकाळी एकाचा मेसेज आला. नाव दिसत नव्हतं, नुसतं 'शेतकरी' लिहिलेलं. मामा सांगायचे, मी टाईप करायचे. त्यानं दूध किती विचारलं, वेत कितवं विचारलं, मग किमतीवरून तीन दिवस घासाघीस. मामांना तर त्याचा लळाच लागला. "मानूस लई हुशार हाय," म्हणायचे, "जनावराची पारख हाय त्याला."

चौथ्या दिवशी सौदा ठरला. गिऱ्हाईक येणार म्हणून मामींनी चहा ठेवला, आणि दारात बघतो तर दावं घेऊन धाकटे मामा उभे.

थोरले मामा उठून दारात आले. मग म्हणाले, "शेजारच्या गोठ्यातली म्हैस तुला मोबाईलवर दिसली व्हय?"

"फोटू बघताच वळखली."

"मग तीन दिवस घासाघीस कशाला केली?"

धाकटे मामा खाली बघत म्हणाले, "सौदा लगीच ठरला असता, तर बोलनं संपलं असतं ना, दादा."