उभी वाटणी, आडवा बांध

कारभारी : ताई, त्याला सांगा, बांधावरून खाली उतर म्हणावं.

संध्या : काका, सांडूकाका तुमच्यापासून हातभर अंतरावर उभे आहेत.

कारभारी : असू द्या. तुम्हीच सांगा.

सांडू : ताई, त्यांना म्हणावं, निम्मा बांध माझा हाये. मी माझ्या निम्म्यावर उभा हाये.

संध्या : सख्खे भाऊ ना तुम्ही?

सांडू : व्हय. मी बांध कोरला म्हणून यांनी गंगापूरला तहसिलीत नेलं मला. तवापासून असंच.

संध्या : बरं, कामाचं बोलू. आमच्या पाणलोटाच्या कामाचा जेसीबी उद्या पुढच्या गावाला जाणार. उताराला आडवे बांध आज आखले तर होतील. नाहीतर यंदाही तुमची माती ओढ्यात.

कारभारी : मग घाला की माझ्या रानात.

संध्या : एकट्याच्या रानात उपयोग नाही. तुमच्या पट्ट्या अरुंद, वरपासून खालपर्यंत उभ्या. तुमच्याकडं अडलेलं पाणी यांच्या रानातून वाट काढणार. अशी वाटणी केली कुणी?

कारभारी : बापानं. वर मुरूम, खाली काळी. आडवं कापलं असतं तर एकाला नुसता मुरूम आला असता.

सांडू : न्याय चांगला केला. पण पट्टी उभी, मग नांगर बी उभाच. तासातून पाणी पळत सुटतं.

संध्या : आणि आडवा बांध जाईल तिथं हा मधला बांध फोडावा लागेल.

कारभारी : नाय फोडायचा. उद्या हा म्हणंल, हद्दच नव्हती.

सांडू : खुणंचे दगड रोवा की. मी काय दगड खातो?

कारभारी : ताई... त्याचं बी वरचं रान माती वाहून उघडं पडलंय का?

सांडू : त्यांना म्हणावं, बघायला तोंड वळवावं लागतं.

संध्या : आधी आखून तर बघू. ही पाण्याची नळी, टोकं दोन काठ्यांना बांधलेली. दोघांनी एकेक टोक धरायचं. दोन्हीकडं पाणी काठीवरच्या खुणेला आलं, की त्या दोन जागा एका पातळीत. तिथून बांध जाईल.

कारभारी : तुमचा माणूस धरंल.

संध्या : मी एकटीच आलेय. धरा तुम्ही, मी गाडीतून रेघ मारायला फक्की घेऊन येते.

(दोघे आपापल्या रानात टोक धरून उभे राहतात.)

सांडू : ऊन लई झालं.

कारभारी : कुणाला म्हणतो?

सांडू : नळीला.

कारभारी : मग नळीला म्हणावं, हात हलवू नको. पाणी डुचमळतंय.

सांडू : नाय हलत. तिकडं कुठवर आलं?

कारभारी : खुणंच्या वर. जरा खाली सरक. आणखी... लई झालं, मागं ये.

सांडू : आता?

कारभारी : आता बराबर. पायापाशी दगड ठिव.

सांडू : हद्दीचा?

कारभारी : नाय. आडव्या बांधाचा.

सांडू : ठिवला, दादा.